अर्ध्या तासाचा पूर

ठाणे जिल्ह्यात पुराचा विषय निघाला की बहुधा उल्हास, भातसा, काळू या नद्यांची नावे घेतली जातात. ते स्वाभाविकही आहे. या नद्यांचे पाणलोट विस्तीर्ण आणि त्यांचे पूर साऱ्या जिल्ह्याला जाणवणारे. रायते येथील उल्हास नदीवरचा पूल पाण्याखाली गेला म्हणजे मुरबाडचा कल्याणशी असलेला सरळ संबंध तुटतो. २७ जुलै २०१९ रोजी याच नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि गाडीतील सुमारे एक हजार प्रवाशांची नौकांच्या साहाय्याने सुटका करावी लागली. अशा घटना वृत्तपत्रांत येतात, लोकांच्या स्मरणात राहतात आणि शासनाच्या पूरनियंत्रणाच्या योजनांतही त्यांना स्थान मिळते.

किन्हवलीसारख्या गावांना भय आहे ते मात्र निराळ्याच पाण्याचे. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांना जोडणाऱ्या रस्त्यावरचे हे बाजाराचे गाव. आसपासच्या खेड्यापाड्यांतील माणसे खरेदी-विक्रीसाठी, शाळेसाठी, दवाखान्यासाठी, पोलीस ठाण्यातील कामासाठी येथे येतात. अशी गावे पाहता पाहता वाढतात. प्रथम रस्त्याच्या दोहो बाजूंस दुकानांची रांग उभी राहते, मग तिच्या मागे चाळी, मग भातशेतीच्या जागी बिनशेती भूखंड. रस्ता जेथे ओढा ओलांडतो तेथे नळाची मोरी असते आणि मोरीच्या आसपासची जागा नाक्यावरची म्हणून सर्वांत अधिक मोलाची ठरते. तेथे भराव पडतो. ओढा दरवर्षी दोन हात अरुंद होतो, परंतु वर्षाचे आठ महिने तो कोरडाच असल्याने त्याचे कोणास काही वाटत नाही. शहरांतील नाल्यांचे जे झाले त्याची ही पहिली पायरी होय. मुंबई, पुणे, कल्याण येथील नाले आज ज्या अवस्थेत आहेत त्या अवस्थेस ते काही एका दिवसात पोहोचलेले नाहीत, आणि जेथे ही वाटचाल नुकतीच सुरू झाली आहे तेथे ती थांबविणे अद्याप ग्रामपंचायतीच्या हाती आहे. म्हणूनच या विषयाचा विचार सरपंच, ग्रामसेवक आणि शिक्षक यांनी करावा, अशी अपेक्षा आहे.

नदीचा पूर आणि ओढ्याचा पूर

मोठ्या नदीला पूर येतो तो कळवून येतो. वरच्या भागात पडलेले पाणी खाली पोहोचण्यास काही तास लागतात. तेवढ्या अवधीत तहसील कार्यालयातून दूरध्वनी जातो, तलाठी व कोतवाल वस्तीत फिरतात, गुरे हलविली जातात. धरणाचे दरवाजे उघडावयाचे असल्यास नदीकाठच्या गावांना आधी सूचना दिली जाते. भातसा धरणाखालील गावांना ही पद्धत ठाऊक आहे.

ओढ्याच्या बाबतीत असे काहीच घडत नाही. त्याचा उगम गावाच्या पाठीशी असलेल्या डोंगरावर आणि शेवट गावापुढच्या नदीत. साराच प्रवास दोन-चार किलोमीटरचा. डोंगरावर ढग कोसळला तरी गावात त्या वेळी नुसती भुरभुर असू शकते, आणि मग एकाएकी तांबडे पाणी काड्याकुड्या, दगडगोटे घेऊन खाली उतरते. ते जसे येते तसेच दोन-तीन तासांत ओसरतेही. सकाळी पंचनामा करण्यास गेलेल्या कर्मचाऱ्यास ओढ्यात पोटरीइतकेच पाणी दिसते आणि आदल्या रात्री घरात छातीइतके पाणी होते, हे त्याला सांगूनही पटत नाही.

आपल्या भागाची जमीनही या घाईला अनुकूल आहे. सह्याद्रीचा उतार तीव्र, खडक काळ्या पाषाणाचा आणि त्यावरील मातीचा थर पातळ. आगोटीचे पहिले पाऊस ही माती पिऊन टाकते. आषाढात मात्र ती पूर्ण भिजलेली असते, आणि त्यानंतर पडणारा पाऊस जिरण्याऐवजी वाहूनच जातो. जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास आहे आणि त्यातील बहुतेक पाऊस चार महिन्यांतच पडतो. तथापि ओढ्याच्या पुराचा संबंध या वार्षिक आकड्याशी फारच थोडा असतो. वर्षभरात किती पडला यापेक्षा एका अर्ध्या तासात किती पडला, हा प्रश्न येथे निर्णायक ठरतो.

थोडा हिशेब

हा हिशेब अवघड नाही. शाळेतील सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यास तो सहज करता येईल. एक चौरस किलोमीटर क्षेत्रावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक हजार घनमीटर, अर्थात दहा लाख लिटर पाणी पडले.

आता एक ओढा कल्पू या. त्याचे पाणलोट क्षेत्र ५ चौरस किलोमीटर आहे. डोंगरमाथ्यापासून गावातील मोरीपर्यंत पाण्याची वाट ३ किलोमीटर असून या दोन टोकांच्या उंचीत १५० मीटरचा फरक आहे. शहापूर-मुरबाडच्या डोंगरपायथ्याशी असा ओढा शोधावयास लांब जावे लागणार नाही. सर्वांत दूरच्या टोकावर पडलेले पाणी मोरीपर्यंत येण्यास किती वेळ लागेल, हे काढण्यासाठी अभियंते किर्पिच यांचे १९४० मधील सूत्र वापरतात. त्या सूत्राने या ओढ्याचे उत्तर सुमारे अर्धा तास असे येते. याचा अर्थ असा की, जोराचा पाऊस अर्धा तास टिकला तर साऱ्या पाणलोटाचे पाणी एकाच वेळी मोरीपाशी हजर होते. सावध होण्यास, मुलांना उचलण्यास, शेळ्यांचे दावे सोडण्यास गावाला मिळणारी मुदत ती एवढीच. आणि पाऊस रात्रीचा असेल तर तीही नाही.

पाऊस ताशी ६० मिलिमीटर या वेगाने पडत आहे असे धरू. जोराच्या सरीत हा वेग आपल्याकडे मुळीच दुर्मीळ नाही. सुमारे २० ते ३० चौरस किलोमीटरच्या टापूत तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस झाला तर हवामान खाते त्यास ढगफुटी म्हणते. आपण त्याच्या निम्म्याहून थोडाच अधिक वेग घेतला आहे. पाणलोटात झाडी, गवत आणि भातखाचरे असतील आणि पडलेल्या पाण्यापैकी निम्मे वाहून येत असेल, तर मोरीपाशी दर सेकंदाला सुमारे ४२ घनमीटर पाणी येईल. तेच क्षेत्र घरे, रस्ते, फरसबंद अंगणे आणि ठोकलेल्या मुरमाने झाकले गेले आणि दहापैकी नऊ भाग पाणी वाहू लागले, तर हा आकडा ७५ घनमीटरवर जातो. पाऊस तोच, डोंगर तोच, ओढाही तोच.

दर सेकंदाला ४२ घनमीटर म्हणजे किती, याची कल्पना शहापूर तालुक्यातील वाचकांना एका उदाहरणाने चटकन येईल. उन्हाळ्यात पाड्यांवर येणारा पाण्याचा टँकर दहा हजार लिटरचा धरला, तर दर सेकंदाला चार टँकर मोरीपाशी रिकामे होत आहेत असे समजावे. मुंबईला पाणी पुरविणारी भातसा आणि तानसा ही धरणे ज्या तालुक्यात आहेत, तेथेच चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागावी आणि आषाढात त्याच पाण्याने घरात शिरावे, ही विसंगती येथील लोकांना नवी नाही.

मोरी नव्हे, बांध

आता मोरीकडे वळू. ग्रामीण रस्त्यांवर एक मीटर व्यासाचे दोन किंवा तीन सिमेंटचे नळ टाकून त्यांवर भराव घालण्याची पद्धत सर्रास आढळते. असा एक नळ पूर्ण भरून सेकंदाला तीन मीटर वेगाने वाहिला तरी त्यातून सुमारे अडीच घनमीटरपेक्षा कमीच पाणी जाते. तीन नळ मिळून सात. येणारे पाणी मात्र ४२. उरलेल्या पाण्याने जावे कोठे? ते रस्त्याच्या भरावामागे तुंबते आणि मोरी बांधाचे काम करू लागते. पाणी रस्त्यावरून ओसंडून वाहू लागेपर्यंत वरच्या बाजूची घरे बुडालेली असतात. पुढे भराव फुटला, तर तुंबलेला सारा साठा खालच्या वस्तीवर एकदम जातो आणि पावसाने जेवढी हानी केली नसती तेवढी तो करतो.

हे सारे नळ मोकळे आहेत असे धरूनच झाले. प्रत्यक्षात पहिल्याच पुराबरोबर झावळ्या, मोडक्या फांद्या, प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोल नळाच्या तोंडाशी येऊन बसतात. पूर्वी ओढ्यात पडणारा केरकचरा कुजून जाई. आजचा कचरा बुचासारखा बसतो. आठवडी बाजाराचे गाव असल्यास याचे प्रमाण अधिक असते.

४२ घनमीटर पाणी सेकंदाला तीन मीटर वेगाने जाऊ द्यावयाचे, तर १४ चौरस मीटरचे मोकळे तोंड पाहिजे. म्हणजे सात मीटर रुंद आणि दोन मीटर उंच. नळाच्या मोरीऐवजी स्लॅबची मोरी किंवा लहान पूल बांधावा लागेल आणि खर्च अर्थातच वाढेल. काही ठिकाणी याहून स्वस्त उपाय जुन्या लोकांनी केलेला आहे. त्यांनी रस्ता उंच न करता ओढ्याच्या तळालगत फरशी घातली. पूर आला की फरशी दोन तास पाण्याखाली जाते, वाहतूक थांबते, पण पाणी तुंबत नाही. गावाच्या प्रतिष्ठेला फरशी कमीपणाची वाटते आणि उंच रस्त्याची मागणी होते. वाहतूक दोन तास थांबणे आणि वस्ती दोन तास बुडणे यांतून निवड करावयाची झाल्यास, प्रस्तुत लेखकास फरशीचा पक्ष अधिक शहाणपणाचा वाटतो. मात्र भरल्या फरशीवरून कोणी जाऊ नये ही शिस्त तिच्यासोबत आलीच पाहिजे. वेगाने वाहणारे गुडघाभर पाणी धडधाकट माणसाचा पाय उचलते आणि फूटभर पाण्यात लहान मोटार तरंगू लागते. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, हे मोटारसायकलस्वाराच्या लक्षात येत नाही.

शहरांत काय घडले

शहरांतील ओढ्यांनी याची किंमत कशी वसूल केली, ते आता पाहू. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच चोवीस तासांत त्याच शहरातील कुलाब्याला जेमतेम ७५ मिलिमीटरपर्यंतच नोंद झाली. एकाच शहरात दोन टोकांना इतका फरक पडू शकतो, तर तालुक्याच्या गावी ठेवलेल्या पर्जन्यमापकावरून दूरच्या पाड्याची स्थिती कशी कळणार? विहार आणि पवई या तलावांच्या सांडव्यांचे पाणी घेऊन माहीमच्या खाडीस मिळणारी मिठी नदी अवघ्या सुमारे १८ किलोमीटरची. तिचे पात्र भराव, वसाहती, कारखाने आणि विमानतळ यांच्यामध्ये आवळले गेले होते. शहराची जुनी पर्जन्यजलवाहिनी व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली, आणि त्यातच खाडीला भरती. त्या आपत्तीत राज्यात एक हजाराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर ऑगस्ट २००५ मध्ये मिठी नदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले, पात्र रुंद व खोल करण्यात आले आणि काठावरील हजारो कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्न उभा राहिला. ओढ्याला जागा सोडण्यास काहीच पडत नाही; गेलेली जागा परत मिळविण्यास काय पडते, ते मिठीच्या काठी पाहावे.

आपल्याच जिल्ह्यातील वालधुनी नदीची कथा फारशी वेगळी नाही. अंबरनाथजवळच्या डोंगरात उगम पावून ती अंबरनाथ, उल्हासनगर आणि कल्याण या शहरांतून जाते व उल्हासच्या खाडीस मिळते. शके ९८२ मध्ये, म्हणजे १०६० साली बांधलेले अंबरनाथचे शिवमंदिर तिच्याच काठी उभे आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत निर्वासितांची वसाहत झाली आणि १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. पुढे कारखाने आले, काठाकाठाने घरे आली आणि नदीस लोक नाला म्हणू लागले. नाव बदलले की वागणूकही बदलते. नदीत कोणी सहजी भराव टाकीत नाही, नाल्यात टाकण्यास संकोच वाटत नाही. २००५ च्या त्या पावसात वालधुनीने कल्याण-उल्हासनगरच्या वस्त्यांत जो हाहाकार उडविला, तो त्या भागातील लोक विसरलेले नाहीत.

पुण्याचे उदाहरण याहूनही बोलके आहे, कारण तेथे समुद्र नाही, भरती नाही आणि पाऊसही कोकणाच्या मानाने बेताचा. कात्रजच्या डोंगरातून येणारा आंबिल ओढा पुण्यात मुठेस मिळतो. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळी पर्वतीजवळ बांध घालून हा ओढा वळविण्यात आला. तेथे जे तळे झाले त्याच्याच जागी आज सारसबाग आहे. पुढे शहर वाढले आणि ओढ्याच्या काठाने वसाहती झाल्या. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूस काही तास मुसळधार पाऊस झाला आणि आंबिल ओढा सहकारनगर, अरण्येश्वर या भागांतील घरांत शिरला. टांगेवाला वसाहतीत भिंत कोसळून माणसे दगावली. त्या एका रात्रीत पुणे शहरात व आसपास वीसहून अधिक बळी गेले. नागपुरात २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस होऊन अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या.

या पुराने आपला उंबरठाही ओलांडलेला आहे. ७ जुलै २०२४ च्या पहाटेपर्यंत शहापूर परिसरात झालेल्या अतिवृष्टीने भारंगी नदीचे पाणी शहापूरच्या वस्तीत शिरले आणि उभी वाहने वाहून गेली. आटगाव आणि थानसित या स्थानकांच्या दरम्यान रुळांवर माती आली, वासिंदजवळ झाड पडले आणि कसारा मार्गावरील रेल्वे वाहतूक थांबली. परिसरातील एका विश्रामस्थळी अडकलेल्या ४९ जणांना राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने बाहेर काढले. पुणे, नागपूर आणि शहापूर या तिन्ही ठिकाणी पाणी आले ते रात्री किंवा पहाटे, लोक झोपेत असताना, ही गोष्ट सूचनेची व्यवस्था ठरविताना विचारात घ्यावयास हवी.

भाताची खाचरे

आपल्या भागात पाणी अडविण्याचे सर्वांत मोठे साधन कोणते, असे विचारल्यास बहुतेक जण बंधाऱ्यांची नावे घेतील. खाचरांचा विचार क्वचितच होतो. खाचराचा बांध पाऊल-दीड पाऊल उंच असतो. श्रावणात खाचर आधीच पाण्याने भरलेले असले, तरी त्यात आणखी पाच सेंटिमीटर पाणी मावते असे धरण्यास हरकत नाही. तेवढ्यावरही एक हेक्टर खाचर ५०० घनमीटर पाणी रोखून धरते. शंभर हेक्टर खाचरे म्हणजे ५०,००० घनमीटर. वर कल्पिलेल्या ओढ्याच्या पाणलोटात ताशी ६० मिलिमीटर वेगाने अर्ध्या तासात एकूण दीड लाख घनमीटर पाऊस पडतो. त्याचा तिसरा हिस्सा ही खाचरे एकटी सांभाळतात आणि मग बांधाच्या तोंडातून सावकाश खाली सोडतात. त्यांच्या देखभालीसाठी शासनाला एक पैसाही पडत नाही. शेतकरी पिढ्यान्पिढ्या स्वतःच्या श्रमाने बांधबंदिस्ती करीत आला आहे.

हीच खाचरे बिनशेती होतात तेव्हा महसुली अभिलेखात एका जमिनीचा वापर बदलल्याची नोंद होते. एक जलाशय कमी झाल्याची नोंद कोठेच होत नाही. जमीन विकणाऱ्या शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. भाताच्या उत्पन्नावर घर चालत नाही, मुलीचे लग्न आणि मुलाचे शिक्षण थांबून राहत नाही. रस्ते आणि रेल्वे यांच्यामुळे मुंबईची वाढ शहापूरपर्यंत आली आहे. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाल्याने या भागातील जमिनीची मागणी आणखी वाढणार, हे उघड आहे. प्रश्न आहे तो परवानगी देताना घालावयाच्या अटींचा. ज्या भूखंडावर पूर्वी पाणी थांबत होते तेथे तेवढेच पाणी थांबेल असे तळे किंवा खोलगट मोकळी जागा आराखड्यात राखून ठेवण्यास सांगता येते. ओढ्याकडील बाजू मोकळी सोडण्यास सांगता येते. भूखंड भरावाने उंच करून शेजारच्या पाड्यावर पाणी लोटले जात नाही ना, हे पाहता येते. ओढ्याच्या काठचा पाडा बहुधा कातकऱ्यांचा किंवा ठाकरांचा असतो. तक्रार घेऊन तहसीलदारांकडे जाणारा त्यांच्यात विरळा.

ओढा कोणाचा ?

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० प्रमाणे नद्या, ओढे, नाले आणि त्यांची पात्रे ही, अन्य कोणाचा हक्क सिद्ध नसेल तेथवर, राज्य शासनाची मालमत्ता होय. गावनकाशावर ओढा दाखविलेला असतो. तो नकाशा तलाठ्याच्या दप्तरात असतो, आणि अतिक्रमणाचा वाद निघेपर्यंत तेथेच राहतो. ग्रामपंचायतीने त्याची एक प्रत भिंतीवर लावली तरी पुष्कळ काम होईल. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. तेथे १९९६ च्या पंचायत विस्तार अधिनियमाने लहान जलाशयांचे नियोजन व व्यवस्थापन पंचायतींकडे सोपविण्याचे तत्त्व स्वीकारले आहे. ग्रामसभेने ओढ्याचा विषय हाती घेण्यास यापेक्षा निराळा आधार शोधावा लागू नये.

मोठ्या नद्यांसाठी जलसंपदा विभाग निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतो. साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी निळी रेषा दाखविते आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई असते, दोहोंच्या मधील पट्ट्यात निर्बंध असतात. गावच्या ओढ्यावर अशा रेषा बहुधा आखलेल्याच नसतात. परिणामी परवानगी मागणाऱ्याला अडविण्यास कागद नसतो आणि पुढे पाणी आले म्हणजे त्या घराला नुकसानभरपाई देण्यासाठी मात्र कागद तयार करावा लागतो.

ओढ्याला दोन्ही बाजूंनी काँक्रीटच्या भिंती बांधून देण्याची मागणी अलीकडे ग्रामसभांतून होऊ लागली आहे. जेथे घरे काठाला टेकलीच आहेत तेथे भिंतीवाचून गत्यंतर नसेल. परंतु सरसकट भिंती बांधल्याने पाण्याचा वेग वाढतो आणि आपल्या गावचा पूर खालच्या गावाला जातो. नुसते खोलीकरण करण्यातही हाच धोका आहे. ओढा ग्रामपंचायतीच्या हद्दी ओळखत नाही. वरच्या गावाने भिंत घालावी आणि खालच्या गावाने मोरीचे नळ वाढवून मागावेत, असे होत राहते. एका ओढ्यावरील साऱ्या मोऱ्या आणि भिंती यांचा विचार पंचायत समितीच्या पातळीवर एकत्र होणे अगत्याचे आहे. त्याऐवजी डोंगरउतारावर समतल चर, गवताचे पट्टे, दगडी बांध अशी कामे केल्यास तीच मृद् व जलसंधारणाची रक्कम पुरालाही आवर घालील आणि उन्हाळ्यातील विहिरींनाही उपयोगी पडेल. खर्च करण्यास सर्वांत योग्य जागा ओढ्याच्या माथ्याची आहे. भूमिपूजनासाठी मात्र तेथवर कोणी चढत नाही.

सूचना आणि नोंद

दक्षिण आशियासाठी अचानक येणाऱ्या पुरांची पूर्वसूचना देणारी यंत्रणा भारतीय हवामान खात्याने ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू केली. तिचा लाभ घेतलाच पाहिजे. तरीही अमुक टापूत धोका आहे एवढेच ती सांगू शकते. अमुक ओढा अमुक वाजता मोरी ओलांडील, हे सांगणे तिच्या आवाक्याबाहेरचे आहे. ते सांगू शकेल असा माणूस ओढ्याच्या वरच्या अंगास राहणाराच असतो. वरच्या पाड्यावरील दोन विश्वासू व्यक्तींनी पाणी ठरावीक दगडाच्या वर चढताच खालच्या गावातील दोन व्यक्तींना भ्रमणध्वनी करावा आणि त्यांनी देवळाची घंटा किंवा शाळेची थाळी वाजवावी, ही व्यवस्था एका ग्रामसभेत ठरू शकते. संपर्क मिळत नाही अशा पाड्यांसाठी बॅटरीचा प्रकाश किंवा शिटी यांचा संकेत ठरवावा लागेल. रात्री जागे कोण राहणार, हे नावानिशी ठरले नाही तर बाकीचे सारे कागदावर राहील.

शिक्षकांच्या वाट्यास येणारे काम नोंदीचे आहे. सरळ बाजूंचा, सपाट तळाचा डबा उघड्या जागी ठेवून त्यातील पाण्याची उंची पट्टीने मोजली की पावसाची मिलिमीटरमध्ये नोंद मिळते. दर तासाला ती घेता आली तर उत्तमच, परंतु शाळा भरताना आणि सुटताना घेतली तरी चालेल. मोरीच्या खांबावर तळापासून दर पंचवीस सेंटिमीटरला रंगाची खूण करावी. पूर ओसरल्यावर भिंतींवर आणि झाडांच्या बुंध्यांवर गाळाची जी रेघ उमटते, ती पुढच्या पावसाने धुऊन जाण्यापूर्वी मोजून तेथे कायमची खूण करावी. गावातील वृद्धांना त्यांच्या आठवणीतील सर्वांत मोठा पूर कोठवर आला होता ते विचारून तीही जागा दाखवून घ्यावी. वहीत तारीख, पाऊस सुरू झाल्याची वेळ, डब्यातील पाणी, मोरीवरील पातळी आणि पाणी चढण्यास लागलेला वेळ असे पाच रकाने पुरेत. दोन-तीन पावसाळ्यांच्या अशा नोंदी जमल्या की नव्या मोरीचा प्रस्ताव बांधकाम उपविभागाकडे पाठविताना त्यांची प्रत सोबत जोडावी, आणि मूळ वही शाळेच्या दप्तरात न ठेवता ग्रामपंचायतीत ठेवावी, कारण शिक्षकांची बदली होते.